राखून ठेवलेला प्रश्न

प्रिय डॉक्टर,

सभागृहात बसून पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. समोर पुरवणी मागण्यांचं जाडजूड पुस्तक उघडं ठेवलंय आणि त्याच्या आडोशाला हा कागद. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई शेवटच्या दिवशीसुद्धा अभ्यास करताहेत. बोलायला उभे आहेत ते तुमचेच जुने सहकारी, ज्यांचं भाषण सुरू झालं की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात आणि कुणी कोपरानं ढोसलं की 'चिंतन चाललंय' म्हणायचात. आज अर्धं सभागृह चिंतनात आहे. वरच्या काचांमधून दुपारचं ऊन तिरकं खाली आलंय आणि त्यात धूळ इतक्या सावकाश तरंगतेय की तिलाही आता कुठे पोचायचं नाहीसं वाटतं. आवाज कानावर पडतात, अर्थ वाटेतच कुठेतरी राहून जातात. संध्याकाळी अधिवेशन संपेल, मग ही विधानसभा विसर्जित होईल. मी पुन्हा उभी राहणार नाही, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल.

काल आत्या तुमच्याकडून रडवेली होऊन परत आली. गेली होती नवी कवळी बसवून घ्यायला, आली ती कवळी रुमालात बांधून. म्हणाली, डॉक्टरांनी खुर्ची विकली. मला आधी काही उमजेचना. खुर्चीसाठी माणसं काय काय विकतात ते आपण दोघांनी इथे डोळ्यांनी पाहिलंय, पण खुर्चीच विकून मोकळा झालेला माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. मग तिनं नीट सांगितलं. दवाखान्याची पाटी उतरली, पुस्तकांची खोकी जिन्यात आली, आणि तुम्ही उद्या सकाळच्या गाडीनं ताईंकडे, त्या समुद्रकाठच्या गावी, म्हणजे तुमच्या बहिणीकडे, कायमचे राहायला निघालात. आमदार निवासातल्या माझ्या खिडकीतून तुमच्या गच्चीवरची मोडकी टाकी दिसते, आणि ही बातमी मला द्यायला बिनदाताच्या आत्यानं यावं! मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

राग आला की मला माझं दुकान आठवतं. गणवेश शिवायचं ते एवढंसं दुकान, दारात मशीन, मागे कापडाचे तागे, आणि ताग्यांवर बसून काज करणारी आत्या. त्या वर्षी सरकारी शाळेतून वाटलेले गणवेश पहिल्याच धुण्यात उसवले. मुली भिंतीला पाठ घासत, दप्तर मागे धरून माझ्याकडे यायच्या. मी शिवून दिले, सगळे शिवून दिले, फक्त एक स्कर्ट तसाच फाटका नेऊन शिक्षण खात्याच्या साहेबांच्या टेबलावर पसरला. साहेब म्हणाले, तक्रार लेखी द्या. मी म्हटलं, ही काय मग, शिवलेली आहे? तिथून गोष्ट वाढत वाढत निवडणुकीपर्यंत गेली. पहिल्या प्रचारसभेला मी घाईत दुकानातून तशीच पळाले आणि मापाची टेप गळ्यातच राहिली. लोकांना वाटलं तीच माझी निशाणी. मतपत्रिकेवर ती कितीतरी जणांनी शोधली म्हणे. तरी निवडून आले, यात माझ्यापेक्षा त्या उसवलेल्या स्कर्टांचा हात जास्त.

आणि मग इथलं ते पहिलं भाषण. इतकी वर्षं ओठांत टाचण्या धरून काम केल्यामुळे मला तोंड मिटून बोलायची सवय. अध्यक्ष दोनदा म्हणाले, मोठ्यानं बोला. तेवढ्यात समोरच्या बाकावरून एक उंच, किंचित वाकलेला माणूस उठला आणि म्हणाला, अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी खुशाल तोंड उघडावं, दुखणार नाही याची दाताचा डॉक्टर या नात्यानं मी हमी देतो. काय हसले सगळे! माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण शिंप्याची नजर कुठे जाते? मी म्हटलं, अध्यक्ष महोदय, समोरच्या सदस्यांच्या कोटाचा उजवा खांदा उतरलाय, तो आधी त्यांनी सरळ करून घ्यावा, मग माझं तोंड बघावं. त्या दिवसापासून तुम्ही मला टाचणी म्हणायला लागलात. आणि खांदा कोटाचा नव्हे, तुमचाच उतरलाय, रोग्यांवर वाकून वाकून, हे मला नंतर कळलं.

आपलं सगळं बोलणं त्या उंच खुर्चीमार्फतच झालं, नाही का? इथला नियमच तसा. समोरासमोर बसायचं, एकमेकांकडे बघायचं, पण बोलायचं अध्यक्षांशी. मी तुम्हाला कधी 'तुम्ही' म्हटलंच नाही इथे. तुम्ही म्हणजे 'समोरचे सन्माननीय सदस्य'. भांडले तेही अध्यक्षांशी, तुमच्या आईच्या जाण्याचं दुःख व्यक्त केलं तेही अध्यक्षांजवळ. सरकारं बदलली तेव्हा आपण बाकं बदलली. तुम्ही इकडे आलात तर मी तिकडे गेले. कधी शेजारी म्हणून बसलो नाही. नवीन आलेल्या एका सदस्यानं मला विचारलं होतं, ताई, तुम्ही दोघं इतके कडाकडा भांडता, बाहेर बोलता तरी का? मी म्हटलं, बाहेर अध्यक्ष नसतात ना, मग बोलणार कसं. तो बिचारा विचारात पडला.

माझं खिशांचं विधेयक आठवतं? मुलींच्या सरकारी गणवेशाला दोन खिसे असावेत, एवढंच होतं त्यात. मुलांना खिसे, मुलींना का नाहीत? पेन्सिलीचा तुकडा, रुमाल, घराची किल्ली मुलींनी मुठीत धरून फिरायचं का? सभागृहात इतका हशा कधी झाला नसेल. तुमच्या पक्षानं तुम्हालाच विरोधात बोलायला उभं केलं आणि तुम्ही चेहरा दगडासारखा ठेवून बोललात, की खिशांना कापड जास्त लागेल, राज्याच्या तिजोरीवर भार पडेल. विधेयक पडलं. मी तडक ग्रंथालयात जाऊन बसले, शेवटच्या कपाटामागे, जिथे कुणी न वाचलेले अहवाल ठेवतात. थोड्या वेळानं तुम्ही आलात. कोट काढून टेबलावर ठेवलात आणि आतला फाटका खिसा बाहेर ओढून दाखवलात. भाषण पक्षाचं होतं, एवढंच म्हणालात. माझ्या पर्समध्ये सुईदोरा असतोच. मी शिवत बसले, तुम्ही खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत राहिलात. त्या खोलीतलं ऊन मला अजून जसंच्या तसं दिसतं, कपाटांच्या काचांवरून हळूहळू सरकणारं, आणि दोरा संपू नये असं वाटणारी मी. पुढे तुमचं सरकार गेलं, आमचं आलं, विधेयक पुन्हा मांडलं, आणि मतदानाच्या वेळी तुम्ही खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलात, ते मी पाहिलं होतं. आता रस्त्यात शाळा सुटते तेव्हा मुली खिशात हात घालून ऐटीत चालतात. माझ्या साऱ्या कारकिर्दीत मला सगळ्यात जास्त सुख कशानं दिलं असेल, तर ह्या ऐटीनं.

मग तो दिवस. मी शाळांच्या इमारती पाहणाऱ्या समितीची प्रमुख होते आणि तुमच्या भागातल्या शाळेचं छत गळत होतं. तुम्हाला विचारायचं होतं, समितीप्रमुख माझ्या मतदारसंघात कधी येणार. तुम्ही उठलात, चष्मा सारखा केलात आणि खणखणीत आवाजात विचारलंत, अध्यक्ष महोदय, समितीप्रमुख माझ्या घरी कधी येणार? आणि मग जे हसू फुटलं ते गॅलरीपर्यंत गेलं. अध्यक्षसुद्धा हसले. आपले ते जुने अध्यक्ष, किती भले होते. त्यांनी विचारलं, सदस्यांना 'मतदारसंघात' म्हणायचंय का? कुणीही पटकन 'होय, होय' म्हणून बसला असता. तुम्ही उभेच राहिलात. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात, आणि काही दुरुस्त केलं नाहीत. उत्तर द्यायला मला उठावं लागलं. उठले, आणि ओठांत टाचण्या धराव्यात तसं तोंड मिटून गेलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं. म्हणाले, चुकीचा शब्द गेलाय, कामकाजातून वगळायचा का? तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. मी म्हटलं, राहू द्यावं, अध्यक्ष महोदय. मग त्यांनी नेहमीच्या सरकारी सुरात सांगितलं, उत्तर तयार नसल्यामुळे प्रश्न राखून ठेवण्यात येत आहे. आणि पुढचा विषय घेतला, रस्त्यांवरचे खड्डे.

त्या दिवशी घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. ती माझं ताट झाकून बसली होती, नेहमीसारखी. ताटावरचं झाकण काढत म्हणाली, आपल्याकडे राखून ठेवतात ते येणाऱ्या माणसासाठी. मी म्हटलं, आत्या, ही सरकारी भाषा आहे, तिचा अर्थ तसा नसतो. ती म्हणाली, असू दे, दाताचा डॉक्टर आहे तो, आज ना उद्या तुझं तोंड उघडायला लावेलच.

पण माझं तोंड मिटलेलंच राहिलं, आणि का ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच उन्हाळ्यात किती जणांनी पक्ष बदलले! 'तिकडे गेले' हे दोन शब्दच नासून गेले होते. आमच्याकडे काज-बटण करणारी एक म्हातारी होती, तिनं माझा हात धरून विचारलं, बाई, तुम्ही तिकडे नाही ना जाणार? तिला घर आणि पक्ष यांतला फरक समजावणं मला जमलं नसतं. ज्यांनी मला निवडून दिलं त्यांच्यापैकी कुणालाच जमलं नसतं. आणि तुम्ही इकडे आला असतात तर, खरं सांगू, मला आवडला नसतात. मी ज्या माणसाशी भांडायला सकाळी उत्साहानं साडीच्या निऱ्या चोपून निघत होते, तो समोरच हवा होता. मला याचा पश्चात्ताप नाही. विधानसभा विसर्जित झाली की सगळे प्रलंबित प्रश्न आपोआप रद्द होतात, पण तुम्ही दर नव्या विधानसभेत शपथ झाली की ग्रंथालयात त्या शेवटच्या कपाटापाशी यायचात आणि म्हणायचात, प्रश्न पुन्हा दाखल करतोय. मी म्हणायचे, राखून ठेवा. तुम्ही मान झुकवून जायचात. तेवढ्यावर मी पाच वर्षं काढायची.

गेल्या निवडणुकीत तुम्ही पडलात आणि तो क्रम तुटला. शपथेच्या दिवशी मी उगाच ग्रंथालयात जाऊन बसले होते. तुमच्या जागी आता एक तरुण बसतो, चांगला आहे, अभ्यासू आहे, पण त्याचे दोन्ही खांदे अगदी सरळ. त्याच्याकडे बघून भांडायला सूरच लागत नाही. नंतर एकदा फुटपाथवर भेटलात तेव्हा मीच म्हटलं, प्रश्न दाखल केला नाहीत या वेळी? तुम्ही हसलात. म्हणालात, मी आता बाहेरचा, प्रश्न विचारायचा हक्क फक्त सदस्यांना. आणि टोपी उचलून गेलात, जणू हवेबद्दल बोललात.

तेव्हापासून मला एक स्वप्न पडतं. हेच सभागृह, असंच ऊन, पण कुणी नाही. फक्त तुम्ही समोरच्या बाकावर आणि मी माझ्या. मधली उंच खुर्ची रिकामी. मला काहीतरी सांगायचं असतं, तोंडातून 'अध्यक्ष महोदय' एवढं निघतं, आणि खुर्चीत कुणी नाही म्हणून पुढचे शब्द मागे फिरतात. तुम्ही कान देऊन ऐकत असता. मग बाकं नसतातच, सगळीकडे निळं गणवेशाचं कापड पसरलेलं असतं, आणि मी खडू घेऊन तुमच्या-माझ्यातलं अंतर मोजत असते. टेप दर वेळी थोडीशी कमी पडते. काल आत्या ती बातमी घेऊन आली, त्यानंतर डोळा लागला आणि पुन्हा तेच स्वप्न. पण काल टेप पुरेना तेव्हा मी ती खाली टाकली आणि कापडावरून चालायला लागले. पायांखाली कापड गार होतं. अर्ध्यात पोचले आणि जाग आली.

थांबा, मधेच उठावं लागलं. आत्ता काय झालं ते सांगते. मी स्वप्नाचं लिहून झाल्यावर हरवल्यासारखी बसले होते. त्या रिकाम्या खुर्चीचा विचार करत होते, आणि मनातल्या मनात तुमच्या प्रश्नाला उत्तर देत होते. कानावर दुरून काहीतरी आलं, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं. आणि मी म्हटलं, होय. चांगलं मोठ्यानं, तोंड उघडून, तुम्हाला अभिमान वाटावा असं. डॉक्टर, पुरवणी मागण्यांवर मतदान चाललं होतं! आम्ही विरोधक, आमच्या सबंध बाजूनं 'नाही' म्हणायचं ठरलेलं, आणि तिकडच्या साऱ्या आवाजांवर तरंगत माझा एकटीचा 'होय'. आमचे प्रतोद असे वळले की मान लचकली असेल. समोरच्या बाजूनं बाकं वाजवली. आताच्या अध्यक्षबाई करड्या आहेत, पण त्याही हसल्या. म्हणाल्या, सन्माननीय सदस्यांकडून चुकून गेलं असावं, दुरुस्ती करायची का? मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला मात्र तुमचा तो चष्मा पुसणारा हात दिसत होता. मी म्हटलं, राहू द्यावं, अध्यक्ष महोदया. मागण्या मंजूर झाल्या, त्यांचं बहुमत होतंच. पक्षातल्यांना वाटतंय बाईंना म्हातारपण आलं. वाटू दे.

तो 'होय' सरकारला नव्हता, हे तुम्हाला सांगायची गरज आहे का? बहुतेक आहे, कारण तुम्ही उद्या निघालात. संध्याकाळी ही विधानसभा संपेल, मी कुणाची सदस्य राहणार नाही, तुम्ही आधीच नाही. इकडे आणि तिकडे असं काही उरणारच नाही, फक्त आमदार निवासाच्या मागची एक गल्ली उरेल. हे पत्र मी गाडीच्या चालकाबरोबर पुढे पाठवतेय आणि मागून स्वतः चालत येतेय. समोर उभी राहिले तर मला बोलता येणार नाही. आजवर अध्यक्षांशिवाय तुझ्याशी बोललेच कुठे? बघ, 'तू' लिहून गेले. खोडत नाही, राहू द्यावं. समितीप्रमुख घरी कधी येणार, असं विचारलं होतंस. आज, अंधार पडायच्या आत. सोबत आत्या असेल, तिची कवळी रुमालात आहे आणि खुर्ची विकलीस तरी कवळी बसवल्याशिवाय ती तुला सोडणार नाही. उद्याची गाडी जाऊ दे; समुद्र काही पळून जात नाही, पुढे तिघं मिळून जाऊ. खोक्यांमधून तीन ताटं तेवढी शोधून काढ. आणि मला थोडा उशीर झालाच, तर माझं ताट झाकून राखून ठेव.

तुझीच,
टाचणी